डॅशबोर्ड हिरवा, पासबुकात शंभर रुपये: बेळगावच्या एका सहकारी संस्थेतलं डेटाबेस स्थलांतराचं प्रकरण

बुधवार, २८ जून २०२३. सकाळी साडेअकराला मुख्य शाखेच्या काउंटरवरून फोन आला. "सर, एका मावशींचं पिग्मी खातं बघा की. वर्ष भरलंय त्यांचं, खरं कंप्युटर शंभरच रुपये दाखवालंय."

मावशी खासबागच्या. घरात हातमाग आहे, नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. रोज पन्नास रुपये पिग्मीत टाकत होत्या आणि नातवाच्या शाळेची फी भरायची म्हणून खातं मोडायला आल्या होत्या. त्यांच्या शेजारी पिग्मीवाले मामा उभे होते. बावीस वर्षं त्या गल्ल्यांतून फिरून पैसे गोळा करणारा हा माणूस काउंटरवरच्या चार लोकांसमोर खाली मान घालून उभा आहे, हे मला नंतर कळलं. रोज पन्नास दिले आणि खात्यात शंभर, तर पहिला संशय कुणावर जातो हे सांगायला नको.

मी त्या संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. संस्था १९९७ च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे. बेळगाव शहर, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी अशा पट्ट्यात अकरा शाखा आहेत. पिग्मी हा आमचा कणा. १९२८ साली सिंडिकेट बँकेने कर्नाटकात सुरू केलेली ही पद्धत, घरोघरी जाऊन रोजची छोटी रक्कम गोळा करायची, आमच्या भागात अजून तितकीच जोरात आहे. भाजीवाली, रिक्षावाला, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा कामगार, सगळ्यांची खाती असतात.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण त्या दिवशी माझ्या देखरेखीच्या पडद्यावर एकही लाल ठिपका नव्हता.

आधीची मांडणी

खात्यांची सगळी माहिती ज्यात राहते तो डेटाबेस पोस्टग्रेस १४. टिळकवाडीतल्या एका खोलीत दोन मशीन: एक मुख्य, एक स्टँडबाय. मुख्य मशीनवर होणारा प्रत्येक बदल स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने स्टँडबायवर जातो. देखरेखीला प्रोमिथियस आणि ग्राफाना: पहिला आकडे गोळा करतो, दुसरा ते पडद्यावर दाखवतो. मशीनची तब्येत नोड एक्स्पोर्टर सांगतो, डेटाबेसची पोस्टग्रेस एक्स्पोर्टर, आणि प्रोमिथियस दर पंधरा सेकंदांनी दोघांना विचारत असतो. पडद्यावर चौदा पॅनेल होती: डिस्क किती भरली, जोडण्या किती, रेप्लिकेशन किती मागे आहे, कुठला व्यवहार अर्धवट उघडा पडलाय का, व्हॅक्यूम, म्हणजे डेटाबेसची साफसफाई, कधी झाली, शेवटचा बॅकअप किती जुना, वगैरे. ही मांडणी उभी करायला मला सहा महिने लागले होते. तिने आम्हाला दोनदा मोठ्या अडचणीतून वाचवलंही होतं. एकदा डिस्क भरत आल्याचं रात्री दोनला फोनवर कळवून, आणि एकदा स्टँडबाय मागे पडत चालल्याचं दाखवून. त्यामुळे पडदा हिरवा म्हणजे सगळं ठीक, अशी माझी खात्री झाली होती.

जुनी मशीन उबुंटू १८.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत होती. त्या आवृत्तीचा नियमित सुरक्षा आधार मे २०२३ अखेर संपला. म्हणून नवी मशीन घेतली, तिच्यावर उबुंटू २२.०४ आणि तेच पोस्टग्रेस १४ टाकलं. डेटा हलवायला मी सगळ्यात कमी खोळंब्याचा मार्ग निवडला. नवी मशीन जुनीची स्टँडबाय म्हणून जोडली, लॅग, म्हणजे मागे राहण्याचं अंतर, शून्यावर आला, आणि रविवारी, २५ जूनच्या रात्री नवी मशीन मुख्य केली. जुनी मशीन उलट नवीची स्टँडबाय झाली. सगळं मिळून अकरा मिनिटं. चेअरमन साहेबांना मेसेज केला आणि घरी जाऊन झोपलो.

पहिले दोन दिवस

सोमवार शांत गेला. मंगळवारी खानापूर शाखेतून दोन फोन आले: खातं सापडत नाही. या दोन फोनकडे मी नीट लक्ष दिलं नाही. आमच्याकडे खातेदारांची नावं दोन लिप्यांत आहेत, काहींची मराठीत, काहींची कानडीत, आणि बऱ्याच जणांची दोन्हींत. शाखेत कोण बसलंय त्यावर नाव कुठल्या लिपीत टाइप होणार ते ठरतं, त्यामुळे "सापडत नाही" ही तक्रार आमच्या रोजच्या जेवणातली. मी सांगितलं, "नाव कानडीत टाकून बघा." त्यांनी टाकलं, खातं मिळालं, फोन बंद झाला. ते नावावरून शोधत होते की खाते क्रमांकावरून, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर मामांवर ती वेळ आली नसती. क्लार्क आधी क्रमांकावरूनच शोधत होती. माझ्या सांगण्यावरून ती नावाकडे वळली आणि खरी खूण हातातून निसटली.

बुधवारचा फोन आला तेव्हा मात्र नावाचा प्रश्नच नव्हता. मावशींच्या हातात पासबुक होतं, त्यावर छापील क्रमांक होता: १-४१२. एक म्हणजे मुख्य शाखा, ४१२ म्हणजे खातं.

एकच प्रश्न, दोन उत्तरं

मी आधी पडदा बघितला. चौदाच्या चौदा पॅनेल हिरवी, लॅग शून्य. लॉगमध्ये एकही चूक नाही. मग सर्व्हरवर शिरून स्वतः क्वेरी मारली, म्हणजे डेटाबेसला थेट प्रश्न विचारला. क्रमांक १-४१२, शिल्लक शंभर रुपये, खातं तयार झाल्याची तारीख २६ जून २०२३, म्हणजे सोमवार. वर्षापूर्वीचं खातं सोमवारी कसं तयार होईल?

मग काय वाटलं कुणास ठाऊक, तीच क्वेरी मी जुन्या मशीनवर मारली, जी आता स्टँडबाय होती. तिथे उत्तर आलं १८,२५० रुपये.

दोन्ही मशीनवर डेटाच्या फायली बाइट न् बाइट सारख्या. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनचा अर्थच तो. लॅग शून्य आहे हे पडदा सांगत होता आणि ते खरंही होतं. तरी एकच प्रश्न दोघींना विचारला तर एक म्हणते शंभर, दुसरी म्हणते अठरा हजार अडीचशे. पंधरा वर्षं हे काम करतोय, असं कधी बघितलं नव्हतं. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून मी पुन्हा पुन्हा तीच क्वेरी मारत बसलो होतो.

पुढची पायरी म्हणजे नव्या मशीनवर इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून क्रमाने लावलेली सूची, वापरायला बंदी करून तीच क्वेरी मारणं. इंडेक्समधून शोधण्याच्या दोन्ही पद्धती, इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन, बंद केल्या, म्हणजे पोस्टग्रेसला अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावंच लागतं. आता दोन ओळी आल्या. एकीत १८,२५०, दुसरीत १००. दोन्हींचा क्रमांक १-४१२. त्या रकान्यावर युनिक इंडेक्स होता, म्हणजे एकाच क्रमांकाची दोन खाती असणं अशक्य. पण ती समोर होती.

पैसे कुठे गेलेले नव्हते. मामांनी एक रुपयाही खाल्लेला नव्हता. मी लगेच शाखेत फोन करून व्यवस्थापकांना एवढंच सांगितलं, "चूक आपल्या मशीनची आहे, मामांची नाही, आणि हे मावशींसमोर आणि मामांसमोर आत्ता बोला." बाकीचं नंतर.

क्ष कुठे लावायचा

दोन मशीनमधला फरक एकच होता, ऑपरेटिंग सिस्टीम. आणि अक्षरांचा क्रम कसा लावायचा, कोलेशन ज्याला म्हणतात, हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. वेगळं काही सांगितलं नसेल तर तो जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ आहे, २२.०४ मध्ये २.३५. म्हणजे आम्ही नेमकी तीच रेघ ओलांडली होती.

तपासणी दोन मिनिटांची. दोन ओळींची फाइल केली, पहिलीत १-१ आणि दुसरीत ११, आणि दोन्ही मशीनवर सॉर्ट केली. जुनीने ११ आधी ठेवलं, नवीने १-१ आधी ठेवलं. जुना नियम सुरुवातीला मधल्या आडव्या रेघेकडे दुर्लक्ष करतो, नवा तिला अक्षर म्हणून मोजतो आणि अंकांच्या आधी लावतो.

एवढ्याशा फरकाने खातं हरवतं कसं, हे चेअरमन साहेबांना मी असं समजावलं. समजा कपाटात फायली आडनावाने लावल्यात. लावणाऱ्या क्लार्कच्या मते क्ष हा क च्या पोटात येतो, म्हणून क्षीरसागरांची फाइल त्याने क मध्ये ठेवली. तो बदलून गेला. नवा क्लार्क शाळेतल्या मुळाक्षरांवर वाढलेला, क्ष अगदी शेवटाकडे, ळ च्या पुढे. त्याला क्षीरसागर हवेत. तो शेवटच्या कप्प्यात बघतो आणि सांगतो, "अशी फाइल नाही." फाइल कपाटातच आहे. मग तो नवी फाइल उघडतो आणि शेवटच्या कप्प्यात ठेवतो.

बी-ट्री इंडेक्स असाच चालतो. प्रत्येक पानावर "डावीकडे की उजवीकडे" एवढंच ठरवत खाली उतरायचं. क्रमाचा नियम बदलला की वळण चुकतं, आणि चुकलेल्या पानावर ते खातं नसतं. आमच्या पिग्मी अॅपची रचना अशी होती की खातं असेल तर रक्कम मिळव, नसेल तर नवी ओळ घाल. "नाही" हे उत्तर युनिक इंडेक्सच देत होता, आणि दुसरी ओळ घालायला परवानगीही तोच. एजंटांच्या हातातल्या मशीनवर दिसणारी शिल्लक त्या मशीनच्याच पोटातली असते, शाखेत येऊन आठवड्यातून एकदा भरलेली. म्हणून पासबुक घेऊन कुणी काउंटरवर येईपर्यंत कुणाला काही दिसणार नव्हतं.

आणि गोंधळ तीनच शाखांत का? हे उलगडलं तेव्हा सगळं जुळलं. आमचा क्रमांक म्हणजे शाखा, रेघ, खातं, आणि कुठेही पुढे शून्य लावलेलं नाही. २ ते ९ या शाखांचे क्रमांक ज्या अंकाने सुरू होतात त्याने दुसऱ्या कुठल्याच शाखेचे होत नाहीत, म्हणून रेघ मोजली काय, न मोजली काय, त्यांचा क्रम तोच राहतो. एकाने सुरू होणाऱ्या शाखा तीन: १ मुख्य, १० खानापूर, ११ निपाणी. जुन्या नियमात ११-३० आणि १-१३० शेजारी शेजारी बसतात. नव्या नियमात मुख्य शाखेची सगळी खाती आधी, मग खानापूर, मग निपाणी. गोंधळ फक्त या तिघांत होणार होता, आणि झालाही तिथेच.

तेरीज जुळत होती

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते या भागाने. आमच्याकडे रोज संध्याकाळी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची एकूण बेरीज, जुळवतात. सोमवारी जुळली, मंगळवारी जुळली, पैशाचा फरक नाही. पैसे सगळे होतेच, फक्त एका खात्याचे दोन तुकडे झाले होते, आणि बेरजेला तुकडे दिसत नाहीत. पिढ्यान्पिढ्यांचा हिशेबाचा पहारा आणि माझा चौदा पॅनेलचा पहारा, दोघांच्या नाकाखालून हे गेलं.

पोस्टग्रेसने तरी सांगायला नको होतं का? आवृत्ती १५ पासून डेटाबेस आपलं कोलेशन कुठल्या आवृत्तीचं होतं ते नोंदवून ठेवतो, आणि फरक पडला तर जोडणी होताच इशारा देतो. आमची १४ होती, आणि तिच्यात डेटाबेसच्या मूळ कोलेशनची ही नोंद नाही.

गुरुवारचं काम

बुधवारी दुपारी पहिला निर्णय घेतला तो १, १० आणि ११ या शाखांचं पिग्मी अपलोड बंद करण्याचा. एजंटांना कार्बनची पावती पुस्तकं दिली. चेअरमन साहेबांनी विचारलं, "जुन्या मशीनवर परत जाऊया की?" प्रश्न रास्त होता. पण सोमवारपासून नव्या नियमाने घातलेल्या नोंदी रेप्लिकेशनने जुन्या मशीनच्या इंडेक्समध्येही गेल्या होत्या. आता तिचं कपाटही दोन क्लार्कांनी मिळून लावलेलं होतं. मागे फिरलो असतो तर वेगळी खाती हरवली असती.

गुरुवारी, २९ तारखेला, आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. शाखा बंद. आम्ही पाच जण आठ वाजता बसलो.

क्रम महत्त्वाचा होता. आधी दुहेरी खाती शोधायची, मग जोडायची, आणि त्यानंतरच इंडेक्स नव्याने बांधायचा. दुहेरी ओळी असताना युनिक इंडेक्स बांधायला गेलात तर पोस्टग्रेस नकार देतो. दुहेरी ओळी शोधतानाही इंडेक्स बंद ठेवावा लागतो, कारण बिघडलेल्या इंडेक्सला विचारून बिघाड मोजता येत नाही. ३१७ खाती निघाली.

ती एका स्क्रिप्टने जोडता आली असती, बेरीजच करायची होती. मी तसं केलं नाही. प्रत्येक खात्यासमोर एजंटाच्या सोमवार-मंगळवारच्या पावत्या ठेवल्या. एक जण वाचणार, एक जण पडद्यावर बघणार, मग जोडायचं. खानापूरच्या क्लार्क मॅडम सुट्टी असून बसने आल्या होत्या, स्वतःच्या शाखेच्या पावत्यांचा गठ्ठा पिशवीत घेऊन. ज्या खात्यात पन्नास रुपये असतात त्याच्या मालकाला ते पन्नास महत्त्वाचे असतात, आणि दोन दिवसांत इतक्या लोकांचा विश्वास हलला असताना "कंप्युटरने जोडलं" हे उत्तर मला कुणालाही द्यायचं नव्हतं. साडेचार तास लागले.

त्यानंतर मजकुराच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स नव्याने बांधले, फक्त खाते क्रमांकाचा नाही. नावांचे, गावांचे, सगळे, कारण मराठी आणि कानडी नावांचा क्रमही तीच लायब्ररी ठरवते. पंचवीस मिनिटं. मग पीजी-ॲमचेक हे साधन चालवलं. ते पोस्टग्रेस १४ बरोबरच येतं आणि प्रत्येक इंडेक्समधला क्रम आत्ताच्या नियमाशी जुळतो का ते तपासतं. सकाळी, दुरुस्तीआधी चालवलं तेव्हा त्याने खाते क्रमांकाच्या इंडेक्सवर क्रम मोडल्याचं साफ सांगितलं होतं. म्हणजे रविवारी रात्री हे एक साधन पाच मिनिटं चालवलं असतं तर सोमवारी काउंटर उघडण्याआधीच कळलं असतं. दुपारी तीनला पुन्हा चालवलं, एकही तक्रार नाही. खाते क्रमांकाच्या रकान्याला शेवटी सी कोलेशन लावलं. ते निव्वळ बाइटच्या क्रमाने चालतं, कुठल्या लायब्ररीला विचारत नाही. क्रमांकाला भाषेचा क्रम लागतोच कशाला? तो डेटाबेस तयार करताना, बारा वर्षांपूर्वी, कुणीतरी इंस्टॉलरने सुचवलेलं कोलेशन तसंच ठेवलं होतं. मीच ठेवलं होतं.

जुनी मशीन काढून टाकली आणि २२.०४ वरच नवी स्टँडबाय उभी केली.

पडद्यावर आता काय आहे

साधनं तीच ठेवली, प्रोमिथियस आणि ग्राफाना. त्यांना विचारायचे प्रश्न वाढवले. एक छोटा एक्स्पोर्टर दर पाच मिनिटांनी अकरा शाखांतलं एकेक ठरलेलं खातं क्रमांकावरून शोधतो, इंडेक्समधूनच, काउंटरवरची क्लार्क शोधते तसं. सापडलं नाही तर माझा फोन वाजतो. हीच क्वेरी स्टँडबायवरही जाते आणि दोन्ही उत्तरं ताडून बघितली जातात. दुसरं पॅनेल दिवसभरात वाढलेल्या खात्यांची संख्या आणि शाखेत भरलेल्या नव्या खात्यांच्या अर्जांची संख्या शेजारी दाखवतं. तेरजेला जे दिसलं नव्हतं ते इथे पहिल्याच संध्याकाळी दिसलं असतं. तिसरं अगदी साधं: दोन्ही मशीनवरची जीलिबसीची आवृत्ती. वेगळी झाली की अलर्ट.

दर रविवारी रात्री बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून तिथे ॲमचेक चालतं. याशिवाय पीजी-डंपने घेतलेली प्रत (फायलींची नक्कल न करता डेटा ओळ न् ओळ काढून घेतलेली) रिकाम्या डेटाबेसमध्ये भरतो. डंप भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, म्हणून दुहेरी ओळ असेल तर तो तिथेच अडतो. आमचा नेहमीचा बॅकअप फायलींची नक्कल करणारा होता. त्यात बिघडलेला इंडेक्सही इमानेइतबारे उतरत होता, आणि "बॅकअप झाला" हे पॅनेल त्यामुळे हिरवंच राहिलं.

जुन्या चौदांपैकी पाच पॅनेल काढून टाकली. ती बघून कुणी कधी काही केलं नव्हतं.

हे लिहिताना एक सहकारी म्हणाला की पोस्टग्रेस १५ वर गेलो की इशारा आपोआप मिळेल, मग एवढं कशाला. पण तो इशारा लॉगमध्ये उमटतो, आणि कुणी वाचला तरच उपयोगी पडतो. पुढच्या वेळी बिघाड कोलेशनचाच असेल असंही नाही. क्लार्कला बरोबर उत्तर मिळतंय का हे विचारणारी क्वेरी मला हवीच आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला मी मुख्य शाखेत जाऊन बसलो. मावशी आल्या, मामा त्यांच्याबरोबरच आले. पासबुक छापून निघालं: १८,३५०, व्याज वेगळं. मावशींनी ओळ न् ओळ बोटाने वाचली आणि पासबुक मामांच्या हातात दिलं, "तुम्हीबी बघा." व्यवस्थापक खुर्चीतून उठले आणि काउंटरच्या बाहेर येऊन त्यांनी मामांची माफी मागितली, बुधवारी उभे होते त्याच जागी. मामा म्हणाले, "असू दे की साहेब," आणि पावती पुस्तक काढून मावशींना विचारलं, नवीन खातं आजपासून धरू का उद्यापासून.